तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच दोन संघांना दरवर्षी दोनदा का खेळवतात?

पुण्याहून आलेले पाहुणे असोत किंवा इथे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, केरी गावी नुकतेच राहायला आलेले एखादे मराठी कुटुंब, फेब्रुवारीत आमच्याकडे टीव्हीवर विद्यापीठांचा बास्केटबॉल लागलेला पाहिला की एक प्रश्न हमखास येतो. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे अठरा विद्यापीठांच्या संघांच्या एसीसी या गटामध्ये, बहुतेक संघ एकमेकांशी एकदाच खेळतात. मग ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना यांचे दोन सामने दरवर्षी राखून का ठेवतात? बाकीच्यांवर हा अन्याय नाही का?

मी या भागात 2002 मध्ये आलो, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारतच नसे. एसीसीत तेव्हा नऊ संघ होते. प्रत्येक संघ उरलेल्या आठांशी एकदा स्वतःच्या कोर्टवर आणि एकदा त्यांच्या कोर्टवर खेळत असे. सोळा सामन्यांत सगळा हिशेब चुकता होई आणि कोणती लढत जपायची हे ठरवण्याची वेळच येत नसे. 2004 मध्ये मायामी आणि व्हर्जिनिया टेक आले, पुढच्या वर्षी बॉस्टन कॉलेज आले आणि ती पद्धत संपली. मग 2013 मध्ये सिरॅक्यूज, पिट्सबर्ग आणि नोत्र दाम आले. 2014 मध्ये मेरीलँड गेले आणि लुइव्हिल आले. 2024 मध्ये तर थेट कॅलिफोर्नियातून स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ), तसेच टेक्ससमधून एसएमयू (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) आले. आज सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळायचे ठरवले, तर प्रत्येकाला कॉन्फरन्सचे चौतीस सामने खेळावे लागतील. 2025-26 च्या हंगामापासून प्रत्यक्षात खेळायचे आहेत अठराच. त्यांची वाटणी अशी आहे: एका कायमच्या जोडीदाराशी दोन सामने, दरवर्षी बदलणाऱ्या दुसऱ्या जोडीदाराशी दोन, चौदा संघांशी एकेक, आणि एका संघाशी गाठच नाही.

म्हणून माझे पहिले उत्तर असे असते की या वेळापत्रकात समानता मुळातच उरलेली नाही. कोणाशी तरी दोनदा खेळायचेच आहे आणि कोणाला तरी वगळायचेच आहे. ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे की शंभर वर्षांच्या शेजाराला मान देऊन, एवढेच आपल्या हातात आहे. हे दोन संघ 1920 पासून एकमेकांशी खेळत आले आहेत आणि ड्यूकचे डरहॅम व कॅरोलायनाचे चॅपल हिल यांच्यात जेमतेम दहा मैलांचे अंतर आहे. एकाच कचेरीत, एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच घरात ड्यूकचा गडद निळा आणि कॅरोलायनाचा फिकट निळा असे दोन्ही रंग नांदतात.

दोनदाच का, याचे उत्तर 2022 च्या हंगामाने दिले. 5 फेब्रुवारीला ड्यूकने चॅपल हिलमध्ये जाऊन 87-67 असा सहज विजय मिळवला. तेवढ्या एकाच सामन्यावर वर्ष संपले असते, तर कॅरोलायनाच्या वाट्याला फक्त मानहानी उरली असती. पण बरोबर एक महिन्याने, 5 मार्चला, परतीचा सामना झाला. कॅमेरन इनडोअर स्टेडियममधली ती जेमतेम 9,314 माणसांची जागा, जिच्यासाठी ड्यूकचे विद्यार्थी थंडीत आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात, प्रशिक्षक माइक शेशेफ्स्की यांच्या घरच्या कोर्टवरील शेवटच्या सामन्यासाठी तुडुंब भरली होती. आणि कॅरोलायनाने तिथे 94-81 असा विजय मिळवला. पुढे न्यू ऑर्लिन्सला राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हे दोघे समोरासमोर आले, तेव्हा कॅरोलायना पुन्हा 81-77 ने जिंकले. त्या स्पर्धेतली ही त्यांची पहिलीच गाठ होती, हे ऐकून आपल्याकडची मंडळी चकित होतात. इतकी वर्षे ही चुरस जिवंत ठेवली ती कॉन्फरन्सच्या वेळापत्रकाने.

वेळापत्रकाचा हा आधार गेला की काय होते, हे कॅन्सस आणि मिझुरी या विद्यापीठांनी दाखवून दिले. 1907 पासून ते एकमेकांशी खेळत होते. 2012 मध्ये मिझुरी दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेले आणि नियमित हंगामातला त्यांचा पुढचा सामना व्हायला डिसेंबर 2021 उजाडला. मधल्या काळात शिकून बाहेर पडलेल्या मुलांना ही लढत फक्त वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळाली.

इथपर्यंत ऐकल्यावर पाहुण्यांचे समाधान होते, पण माझे होत नाही, कारण माझी खरी तक्रार पुढे आहे. जोडीदार एकच कायम असेल, तर रॉलीच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे काय? कॅरोलायना आणि ड्यूक एकमेकांना बांधलेले असल्यामुळे स्टेटला त्या दोघांपैकी कोणाशीही दोनदा खेळायचे, तर बदलत्या जागेची वाट पाहावी लागते. आणि स्टेट म्हणजे काही मागून आलेला पाहुणा नव्हे. 1949 ते 1960 या काळात दर डिसेंबरला डिक्सी क्लासिक ही स्पर्धा त्यांच्याच रेनॉल्ड्स कोलिसियममध्ये भरत असे. राज्यातले चार संघ, म्हणजे हे तिघे आणि वेक फॉरेस्ट, बाहेरून आलेल्या चार संघांशी तिथे लढत. पुढे 1970 च्या दशकात या चौघांची वेगळी स्पर्धा ग्रीन्सबरोत होऊ लागली, म्हणजे कॉन्फरन्समधले दोन-दोन सामने असूनही त्यांना आणखी खेळायचे होते. 2024 च्या मार्चमध्ये तर स्टेटने पाच दिवसांत पाच सामने जिंकून एसीसीचे विजेतेपद मिळवले. वाटेत ड्यूकला आणि अंतिम सामन्यात कॅरोलायनाला हरवले, आणि दोनच आठवड्यांनी ड्यूकला पुन्हा हरवून राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत स्थान मिळवले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तर वेळापत्रकाने इतके दुरावे निर्माण केले, की कॅरोलायना आणि वेक फॉरेस्ट यांनी 2019 आणि 2021 मध्ये आपापसांत ठरवून सामने खेळले. दोघेही एसीसीचेच सदस्य, पण ते सामने कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात धरले गेले नाहीत. मला ही बातमी वाचून फार वाईट वाटले होते.

बिग ईस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सने या बाबतीत संयम दाखवला आहे. त्यांच्याकडे अकरा संघ आहेत, आणि वीस सामन्यांत प्रत्येकजण प्रत्येकाशी दोनदा खेळतो. एसीसीला आता तेवढे लहान होता येणार नाही. पण अठरा सामन्यांतही वाट निघू शकते. प्रत्येक संघाने तिघांशी दोन-दोन सामने खेळावेत, बारा संघांशी एकेक खेळावा, आणि एकाऐवजी दोन संघ त्या वर्षापुरते सोडावेत. बेरीज तीच अठराची होते आणि कॅरोलायनातले चौघेही एकमेकांशी दोन-दोनदा खेळू शकतात. याची किंमत एवढीच, की एखाद्या वर्षी डरहॅमच्या संघाची स्टॅनफर्डशी किंवा बॉस्टन कॉलेजशी भेट होणार नाही.

स्टेटमधून शिकलेला माझा एक सहकारी दरवर्षी वेळापत्रक जाहीर झाल्यावर आधी ड्यूक आणि कॅरोलायना आपल्या कोर्टवर येणार आहेत की नाही, तेवढेच पाहतो. बाकीचे पान तो नंतर वाचतो.