तुमचं नवीन वर्ष, आणि तुम्हीच घरात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. डिसेंबरची वीस तारीख उलटली की ऑफिसात कोणी ना कोणी विचारतंच, "काय मग, थर्टी फर्स्टला काय बेत? तुमचं तर नवीन वर्ष!" मी वसईचा आणि त्यात ख्रिस्ती, म्हणजे माझ्याकडे वाईन, केक आणि समुद्राजवळचं कुणाचं तरी घर असणारच. मी त्या रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून घरी जातो आणि दार लावून घेतो, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "तुमचंच नवीन वर्ष, आणि तूच घरात?"

पंचविशीत माझ्याकडे याला तयार उत्तर होतं. उत्तर कसलं, व्याख्यानच. आमचं वर्ष १ जानेवारीला सुरू होतच नाही, असं मी सांगायचो. चर्चचं वर्ष आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळची वाट बघायच्या दिवसांच्या, पहिल्या रविवारी सुरू होतं. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यात जो रविवार येईल तो. फादर जांभळा झगा घालतात, चारांपैकी पहिली मेणबत्ती लागते, रविवारच्या वाचनांचं चक्र बदलतं. त्या दिवशी कोणी फटाके लावत नाही, कोणाच्या गळ्यात पडत नाही. १ जानेवारी रोमन लोकांची. आमच्याकडे तो येशूच्या आईचा, मरियेचा सण. आणि इंग्लंड ख्रिस्तीच होतं ना? तिथे १७५१ सालापर्यंत कायद्याचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, देवदूताने मरियेला निरोप दिला त्या सणाला. म्हणजे जवळजवळ तुमच्या पाडव्यालाच! इथे मी थांबून समोरच्याचा चेहरा बघायचो.

त्या पोराची आता मला थोडी लाज वाटते. बोलायचा ते खोटं नव्हतं, पण तो लपत होता. ३१ च्या रात्री आमचं देऊळ, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, भरलेलं असतं, सरत्या वर्षाचे आभार मानले जातात, आणि मिस्सा संपली की अंगणात हॅपी न्यू इयरचा एकच गलका होतो. मग आमचं नाही कसं? उलट आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी दोन्ही उडवून लावलं असतं. त्यांचं वर्ष मृगाला सुरू व्हायचं. भिंतीवर कालनिर्णय, त्यात एकादशीपासून गुड फ्रायडेपर्यंत सगळं; पण त्यांचं बोट जूनच्या पानावर. केळीची वाडी होती, पाऊस कधी येणार यावर घर चालायचं.

मी घरात का बसतो, याचं कारण या व्याख्यानात कुठेच नाही. ते म्हाताऱ्यात आहे.

वसईत राहिलेल्यांना म्हातारा सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की नाताळनंतर पोरं पेंढ्याचा माणूस करतात, त्याला जुने कपडे चढवतात, खुर्चीत घालून रस्त्याकडेला बसवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पैसे मागतात. ३१ ला बारा वाजता त्याला जाळायचं. म्हातारा म्हणजे सरलेलं वर्ष.

१९८४ साली मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या आळीचा म्हातारा फाटक्या बनियनमध्ये बसला होता आणि पलीकडच्या आळीच्या म्हाताऱ्याला चष्मा होता. आमच्यातला एक म्हणाला, "कोट पाहिजे, कोट असला की साहेब वाटेल." मी घरात गेलो आणि काळा कोट घेऊन आलो.

पुष्कळ वर्षं मी सांगत आलो की तो कोट जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात होता. नव्हता. तो पेटीत होता, तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, डांबराच्या गोळ्या घालून. जुन्या कपड्यांना कोणी डांबराच्या गोळ्या घालतं का? हे मला तेव्हाही कळत होतं. मला साहेब पाहिजे होता.

आजोबांना तेव्हा दमा होता, ते रात्रीच्या मिस्सेला आले नव्हते. आम्ही देवळातून परतलो तेव्हा ते शाल घेऊन ओट्यावर बसले होते, पोरांची मजा बघायला. बारा वाजले, घंटा झाली, कोणीतरी रॉकेल ओतलं. पेंढ्यात फटाके भरले होते. पहिल्या उजेडात कोट स्वच्छ दिसला. कॉलर, खिशाची पट्टी, सगळं. मी म्हाताऱ्याकडे न बघता ओट्याकडे बघत होतो, त्यावरूनच काय ते समजा. आजोबा उठले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी शाल पुढे ओढून घेतली, एवढंच.

सकाळी वडील हात उगारून धावून आले. आजोबांनी त्यांना थांबवलं. मला जवळ बोलावून म्हणाले, "तो माझ्या जायच्या दिवसाचा होता रे." त्यांनी तो पापडीच्या शिंप्याकडून शिवून घेतला होता, काकाच्या लग्नात घातला होता, आणि मग पुरताना अंगावर असावा म्हणून ठेवला होता. आईला ठाऊक होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. हेही मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो: मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "खिसे बघितले होतेस?"

मी म्हटलं, हो. रिकामे होते.

मी खिसे बघितले नव्हते.

आजोबा मार्चमध्ये गेले. उपवासकाळ चालू होता, पाडवा तोंडावर होता. त्यांना वडिलांच्या कोटात पुरलं. वडील उंच होते, बाह्या बोटांवरून खाली येत होत्या. आईने त्या आत दुमडून टाके घातले. खिशात काय होतं, ते कोणीच सांगू शकलं नाही. काही नसेलही. म्हातारी माणसं सवयीनेही विचारतात.

एका फादरना हे कबुलीत सांगितलं होतं. ते म्हणाले, अकरा वर्षांचं मूल होतास, सोडून दे. बरोबरच आहे. पण मग आगमनकाळात जागे राहा, जागे राहा म्हणून आम्हाला सांगतात ते कशाला, असं मला वाटलं, आणि वाद नको म्हणून मी गप्प बसलो. धर्मावर माझा राग आहे असं समजू नका. मिस्सेला मी जातो, मेणबत्ती लावतो. म्हातारा जाळणं काही बायबलात नाही, आणि तो जाळणाऱ्या पोरांवरही माझा राग नाही. पैसे मागायला आली की देतो. कपडे देत नाही.

माझा मुलगा म्हणतो, "पप्पा, तुम्ही फार ताणता." ताणत असेन. दोन वर्षांपूर्वी त्याच्या टोळीने म्हाताऱ्याला टोपी मागितली, ती मी दुकानातून नवी आणून दिली. पोरं हसली. नवी टोपी जाळायला कोण देतं?

तर यंदाही ३१ ला बोलावू नका. १ तारखेला दुपारी घरी या, सुकेळी, आमची वाळवलेली केळी, ठेवतो काढून. फक्त बारा वाजता मी कुठे होतो ते विचारू नका; आतल्या खोलीत असतो, खिडकी रस्त्याच्या बाजूची नाही अशा.