विकतची चूल

माझी धाकटी बहीण इंग्लंडात यॉर्कशायरला राहते. दगडी भिंतींचं छोटंसं घर, खाली दोन खोल्या, वर दोन, आणि अशाच घरांची लांबच लांब रांग, पूर्वी तिथल्या कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी बांधलेली. आमचे आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमधले, त्यामुळे पोरगी एवढं शिकून विमानात बसून गेली ती परत मिलच्याच चाळीत, हा आमच्या घरातला कधीच शिळा न होणारा जोक आहे.

तर जानेवारीत, आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला होता त्या दिवसांत, तिचा व्हिडिओ कॉल आला. घरातच कोट घालून बसलेली. म्हणाली दादा, गॅसचं बिल परवडत नाही, लाकडाचा स्टोव्ह बसवायचाय हॉलमध्ये, कुठला घेऊ? आता मला विचारून काय उपयोग, मी जन्मात घर गार करायच्याच वस्तू घेतल्यात, कूलर, वाळ्याचे पडदे, गच्चीला मारायचा पांढरा रंग. आमच्याकडे चौदा डिग्रीला माणसं कानटोपी घालून शेकोटीभोवती बसतात आणि "यंदा लई थंडीय" म्हणत एकमेकांना धीर देतात.

आईनं मागून ऐकलं. "म्हणजे चूल आणायलीय का ही?" तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "गॅस आला तेव्हा मी गल्लीत साखर वाटली होती. वीस वर्षं डोळे पुसत भाकरी थापल्या, आणि ही पैसे देऊन चूल आणायलीय!"

बहीण म्हणाली अगं आई चूल नाही, बंद लोखंडी पेटी असते, पुढं काच, आत लाकूड जळतं, धूर पाइपातून सरळ वर चिमणीत. आई दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणाली, "मग बंबच की."

आणि खरं सांगतो, याहून चांगलं वर्णन मला तरी कुठं सापडलं नाही. आमचा तांब्याचा बंब न्हाणीघराच्या दारात असायचा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, वरून गार ओतलं की तोटीतून कढत यायचं, आणि दोन-चार ढलप्यांत आठ जणांच्या आंघोळी. विस्तव कोंडून ठेवला की थोड्या जळणात भागतं, उघडा ठेवला की निम्मी ऊब आभाळाला जाते. बहिणीच्या हॉलमध्ये आधीपासून जुनी कोळशाची फायरप्लेस आहेच की, पण तिच्यातली बहुतेक ऊब चिमणीतून वर जाते, म्हणून तर लोक तिथं ही बंद पेटी बसवतात, चांगल्या स्टोव्हमध्ये लाकडातली पाऊण ऊब तरी खोलीत राहते. (बंब आम्ही नंतर मोडीत घातला. आता तेच बंब लोक हॉलमध्ये ठेवून त्यात मनीप्लँट लावतात, जाऊ दे.)

मग मी नेट वाचायला लागलो आणि सोलापुरी हिशेबानं माझं मत पक्कं झालं, किमतीत फार फरक नाही तर आठ किलोवॅटचाच घे, मोठा बरा, पाहुणे आले तर. बहिणीनं दुकानदाराला विचारलं. त्यानं खोली मोजायला लावली, साडेचार मीटर बाय चार, उंची 2.4. म्हणजे 43 घनमीटर, त्याला 14 नं भागायचं, उत्तर तीनच्या आसपास. तीन किलोवॅट! आमच्या बाथरूममधला इन्स्टंट गिझर तीनचा आहे. मला वाटलं दुकानदाराला विकायचंच नाही.

पण आईनं त्याचीच बाजू घेतली. "दोन माणसांच्या भाकरीला कोण एवढी मोठी चूल मांडतं का? जाळ मोठा केला तर भाकरी करपते, बारीक केला तर नुसती धुमसते." झालं, हेच तर सगळं आहे. मोठा स्टोव्ह लहान खोलीत जोरात पेटवला की माणसं दारं उघडून बसतात, मग हवा कमी करायची, हवा कमी केली की लाकूड नीट जळत नाही, नुसतं धुमसतं, काच काळी होते आणि धुरातलं डांबर चिमणीला आतून चिकटत जातं. एखाद्या दिवशी तेच पेट घेतं. शिवाय पाच किलोवॅटच्या वर गेलं की तिकडं बाहेरची हवा आत यायला भिंतीत कायमचं भोक ठेवावं लागतं. ऊब विकत घ्यायची आणि थंडीला भोक पाडून द्यायचं, हे मला काही झेपलं नाही. मी माझं मत मागं घेतलं.

चिमणी म्हटल्यावर मात्र मी हळवा होतो. ज्या गावानं विमानांच्या वाटेत येणाऱ्या एका साखर कारखान्याच्या चिमणीवरून इतकी वर्षं वाद घातला, चिमणी हवी का विमान, आणि 2023 च्या जूनमध्ये ती पडताना मोबाइल वर करून पाहिली, त्या गावच्या माणसाला चिमणी हा साधा विषय नसतो. बहिणीच्या चिमणीत आतून स्टीलचा पाइप सोडणार, वर्षातून एकदा तरी माणूस बोलावून झाडून घ्यायची, खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा. आईला हा अलार्म फार आवडला. आमच्या माळवदाच्या घरात धुराला छतातलं भोक, म्हणजे साणं होतं आणि अलार्म म्हणजे आजीचा खोकला.

स्टील घ्यायचं का बीड, म्हणजे ओतीव लोखंड, यावर अर्धा तास गेला. स्टील लवकर तापतं, लवकर निवतं. बीड तापायला वेळ घेतं पण विस्तव विझल्यावरसुद्धा तासभर ऊब धरून ठेवतं. ज्यांच्या घरी बिडाचा तवा आहे त्यांना हे शिकवायला नको. बहीण संध्याकाळी सहाला कामावरून येते, तिला आल्या आल्या ऊब पाहिजे, म्हणून शेवटी स्टीलचा चार किलोवॅटचा घेतला. आईच्या मते चूक. तिचं मत अजून बदललेलं नाही.

आईचा खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो दुकानदाराच्या आधी तिनंच विचारला. "ते सगळं राहू दे, जळण कुठं ठेवणार?" चार फुटांचं अंगण त्या बाईचं. लाकडात वीस टक्क्यांहून कमी ओल पाहिजे, तोडलेलं लाकूड वाळायला वर्ष-दोन वर्षं लागतात, नाहीतर बराच जाळ आतलं पाणी उकळण्यातच जातो. तिकडं वाळलेलं लाकूड शिक्का मारून पिशवीत मिळतं, महाग, आणि ओल मोजायचं छोटं मशीनसुद्धा मिळतं, दोन सुया टोचायच्या, आकडा दिसतो. आई म्हणाली मशीन कशाला, दोन लाकडं एकमेकांवर आपट. खणकन वाजलं तर वाळलंय, थप्प वाजलं तर ठेव परत. तोंडाला चिरा बघ. बाभळीचं असंच घ्यायचो आम्ही, गाडीवाल्यासमोर वाजवून, तो शिव्या द्यायचा. बहिणीनं खरंच कॅमेऱ्यासमोर दोन ओंडके आपटले आणि नंतर मशीन टोचलं. सतरा आलं. आई शेजारी सांगून आली.

मार्चमध्ये स्टोव्ह बसला. पण नीट बघायला मिळाला तो एप्रिलच्या शेवटी, तिकडं अजून स्वेटर, इकडं 43 डिग्री, लाइट गेलेली, आम्ही गच्चीत ओली चादर अंथरून आडवे. बहिणीनं कॉल केला, दिवे घालवले आणि फोन काचेजवळ नेला. आत पिवळाधमक जाळ, धूर नाही, आवाज नाही, सुंदरच दिसत होतं. आईनं बराच वेळ बघितलं.

मग पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "बघितलं गं बाई. आता फोन जरा लांब धर, इथं झळ लागायलीय."