तारा लावल्या, पण फाईल काही भेटेना

पोरीच्या दाताला तारा लावल्या त्याला आता दीड वर्ष होत आलं. समोरचे दात पुढे, एक सुळा पार वर चढलेला, फोटो काढताना तोंडावर हात ठेवायची. कापूस विकून पैसे हाती होते म्हणून तालुक्यातच एका दवाखान्यात सुरुवात केली. एक्स-रे, साचे, चार लहान दाढा काढणं, सगळं नीट झालं. 28 हजार ठरले, 18 हजार मी आधीच भरले, ते भरायला नको होते.

तारा लावणारे डॉक्टर तिथले नाहीत, नागपूरवरून महिन्यातून एका रविवारी येतात, हे मला नंतर समजलं. आठव्या महिन्यापासून ते येईचनात. फोन केला की "पुढच्या रविवारी या काकू", अन् गेलं की "आज साहेबांचं जमलं नाही". भर वेचणीत मजुरी पाडून असे तीन महिने चकरा मारल्या. त्यात मागच्या दाताचं ब्रॅकेट (तार धरणारा, दाताला चिकटवलेला तुकडा) निघालं, तारेचं टोक गालात घुसे, आतून पांढरा फोड, लेकरू भाकर दुधात कुस्करून खाये. जी तार चार-सहा आठवड्यांनी डॉक्टरनं पाहायला पाहिजे ती तशीच, रबर हळदीनं पिवळेजर्द.

शेवटी वर्धेजवळ सावंगीच्या डेंटल कॉलेजला नेलं. तिथल्या मॅडमनी टोचणारं टोक लगेच कापलं, पण म्हणाल्या, जुने एक्स-रे आणा, आधी दात कसे होते ते पाहिल्याशिवाय पुढचं कसं ठरवणार?

आता एक्स-रेची फाईल पहिल्या दवाखान्यात. तिथली काउंटरवरची पोरगी म्हणते, "फाईल साहेबांजवळ राहते."

"मग साहेबांचा नंबर द्या."

"नंबर देता येत नाही काकू."

दुसऱ्यांदा गेली तर म्हणे अर्ज लिहून द्या, दिला. तिसऱ्यांदा गेली तर अर्जच सापडेना! त्या दिवशी मी पावती काढून टेबलावर ठेवली, म्हटलं एक्स-रेचे पैसे मी दिले, एक्स-रे माझ्या पोरीचा आहे, घेतल्याशिवाय उठत नाही. अकरापासून पाचपर्यंत बाकावर बसली. पाच वाजता तिथल्या डॉक्टरनं स्वतः खालचा ड्रॉवर उघडला, खाकी पाकीट, वर पोरीचं नाव. दोन मिनिटांचं काम होतं ते. साचे तर भेटलेच नाहीत, भरलेल्या पैशातलं काही परत द्यायचंही कोणी बोललं नाही. आजही त्या रस्त्यानं जाताना डोकं तापते.

म्हणून सांगते, तारा लावायच्या आधी विचारा की डॉक्टर एमडीएस ऑर्थोचे, म्हणजे दात सरळ करायचंच पुढचं शिक्षण घेतलेले, आहेत का, इथे कोणत्या वारी येतात, अन् नाही आले तर कोण पाहील. पैसे प्रत्येक भेटीला थोडे थोडे द्या. एक्स-रेचा, प्रत्येक कागदाचा फोटो त्याच दिवशी मोबाईलमध्ये घ्या. डेंटल कॉलेज लांब पडते म्हणून घाबरू नका, एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे.

दात पांढरे करून घ्या असंही शेजारच्या बायका म्हणत होत्या. मॅडम म्हणाल्या, तारा असताना नाही, ब्रॅकेटखालची जागा वेगळ्या रंगाची राहते. अन् पोरीच्या दातावरचे तपकिरी डाग बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडचे आहेत, ते नुसत्या ब्लीचिंगनं पूर्ण जातीलच असं नाही. तारा निघाल्यावर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवायचं साधन) मात्र लावावाच लागते, नाहीतर दात परत सरकतात.

हो, टोक टोचत असेल तर मेडिकलमध्ये ऑर्थो वॅक्स, म्हणजे टोकावर चिकटवायचं मऊ मेण, मागा. आमच्या गावात नाही भेटलं, यवतमाळला भेटलं. आधी ती जागा कापसानं कोरडी करा, मग चिकटवा, ओल्यावर ते टिकत नाही.