चेरापुंजीच्या पोटात: मावस्माई, आरवाह आणि मॉम्लूहच्या गुहा

चेरापुंजीत पाऊस किती पडतो हे आपण शाळेत असल्यापासून पाठ करत आलोय, पण तो पडलेला पाऊस पुढे जातो कुठे हा प्रश्न मला तिथे जमिनीखाली उतरेपर्यंत कधी पडलाच नव्हता. धबधब्यांवरून कोसळून खाली बांगलादेशच्या मैदानात जातो हे खरंच, पण बराचसा खडकात मुरतो आणि मुरता मुरता त्याने अख्खा डोंगर आतून पोखरून ठेवलाय. मेघालयात हजाराहून जास्त गुहांची नोंद झालीये आणि अजून नवीन सापडतायत. लोक डावकीची काचेसारखी नदी आणि मुळांचे पूल बघून परत येतात, छानच आहे ते, पण माझं म्हणणं असं की एक पूर्ण दिवस, जमलं तर दोन, फक्त गुहांसाठी ठेवा.

आम्ही डिसेंबरात गेलो होतो, मी, आई, दादा-वहिनी आणि पुतण्या. गुवाहाटीहून शिलाँग साधारण शंभर किलोमीटर, तिथून सोहरा पन्नास-पंचावन्न (चेरापुंजीला तिथे सोहराच म्हणतात, पाट्यांवरही तेच असतं). मॉकडोकचा पूल ओलांडला की उजव्या-डाव्या हाताला दऱ्या सुरू होतात, तिथे गाडी थांबवून चहा प्यायचाच.

पहिली गुहा मावस्माई. ही सगळ्यात सोपी, आत लाईट आहेत, पायवाट केलीये, आणि पर्यटकांसाठी साधारण दीडशे मीटरचाच भाग उघडा आहे. सोपी म्हटलं तरी मध्ये मध्ये चांगलंच वाकावं लागतं, एका ठिकाणी तर अंग तिरकं करून दोन खडकांच्या फटीतून निघावं लागतं. आई पासष्टची आहे, गुडघे कुरकुरतात, पण तिने हात धरू दिला नाही. आणि आत मधल्या मोठ्या दालनात आल्यावर वर बघून तिने विचारलं, "काय गं, हे कोणी कोरलं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आमचं माहेर जुन्नरकडचं, तिचं अख्खं आयुष्य लेण्याद्री बघण्यात गेलंय. आपल्याकडे डोंगरात आत जाता येतं म्हणजे तिथे कोणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन पिढ्यानपिढ्या बसलेलं असतं, कार्ला, भाजे, अजिंठा, सगळीकडे तेच. सह्याद्रीचा बसाल्ट पाण्यात विरघळत नाही, म्हणून असल्या गुहा आपल्याकडे होतच नाहीत. इथला दगड चुनखडीचा. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आम्लधर्मी होतं, फटींत शिरतं आणि चुनखडी विरघळवत विरघळवत वाट मोठी करत जातं. मी हे आईला तिथेच उभं राहून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पाण्यानेच केलं हे सगळं?" आणि मग बाहेर येईपर्यंत ती प्रत्येक भिंतीला मान वर करून बघत होती.

छताला लोंबणारे अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीतून वर येणारे ऊर्ध्वमुखी, हे भूगोलात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण ते प्रत्यक्षात कसे वाढतात हे बघायचं असेल तर घाई न करता एका ठिकाणी टॉर्च धरून उभं राहा. छतातून स्ट्रॉएवढी बारीक, पोकळ, पांढरी नळी खाली आलेली असते आणि तिच्या टोकाला एक थेंब. तो थेंब लगेच पडत नाही, हळूहळू फुगतो, त्यात टॉर्चचा उजेड उलटा दिसतो, आणि तेवढ्या वेळात त्यातला कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत निघून जातो, त्यामुळे विरघळलेल्या चुन्याचा अगदी सूक्ष्म थर नळीच्या काठावर बसतो, मग थेंब सुटतो, खाली पडतो आणि उरलेला चुना खालच्या स्तंभावर ठेवतो. पुढचा थेंब लगेच तयार व्हायला लागलेला असतो. एका वर्षात ही वाढ डोळ्याला दिसेल एवढीही होत नाही.

म्हणूनच मावस्माईत काही गोष्टी बघून जीव जळतो. हाताच्या उंचीवरचे कित्येक लवणस्तंभ मोडलेले आहेत, नुसते खुंट उरलेत. काही भिंतींना लाखो हातांनी चोळून चोळून काळपट तुकतुकीत केलंय. आपल्या बोटांचं तेल लागलं की त्या जागी पाण्यातला चुना नीट बसत नाही आणि वाढ थांबते, त्यामुळे "नुसता हात लावला" हे नुसतं नसतं. लाईटच्या आजूबाजूला हिरवं शेवाळ धरलंय ते पण आपल्यामुळेच, जिथे कधी उजेडच नव्हता तिथे दिवे लावले म्हणून. पुतण्याला हे एकदा समजावून सांगितलं आणि नंतर तोच इतर मुलांना हात लावू नका म्हणून सांगत होता.

आरवाह गुहा तिथून जवळच आहे आणि मला विचाराल तर मावस्माईपेक्षा कितीतरी जास्त आवडली. गर्दी कमी, आणि गुहेपर्यंतची वाटच इतकी सुंदर आहे, एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि झाडी. पण इथलं खरं धन भिंतींत आहे, जीवाश्म. आम्ही एका तिथल्या पोराला गाईड म्हणून घेतलं होतं, त्याने टॉर्च सरळ न धरता भिंतीला समांतर तिरकी धरली, आणि जी भिंत आत्तापर्यंत नुसती खडबडीत वाटत होती त्यात एकदम गोल गोल शंख उठून दिसायला लागले. एकाचे वळसे मोजता येत होते, आतल्या कप्प्यांच्या पडद्यासकट. शेजारी शिंपल्याची कड. समुद्र इथून आता शेकडो किलोमीटर लांब आहे आणि आपण हजार मीटरहून जास्त उंचीवर उभे आहोत, आणि हा शंख उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी मेलेल्या जिवाचा आहे, पाच कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. तेव्हा या पठाराच्या दक्षिण कडेला समुद्र होता, त्यातल्या जिवांच्या कवचांचा गाळ साचून ही चुनखडी झाली, मग पठार वर उचललं गेलं, आणि मग पाऊस. आई शंखासमोर बराच वेळ थांबली. वहिनीने फोटो काढले पण फोटोत ते येत नाही, तिरक्या उजेडात डोळ्यानेच बघायला हवं.

दुपारी बाजारात एका काँगच्या (बाईंना आदराने काँग म्हणतात, बाप्यांना बाह) छोट्या हॉटेलात जेवलो. दादाने जदोह घेतला, तो मांस घालून शिजवलेला भात असतो, आईला डाळ-भात आणि बटाट्याची भाजी मिळाली, आणि लाल चहाबरोबर पुथारो, म्हणजे आपली तांदळाची जाडसर आंबोळीच समजा. बाहेर रस्त्यालगत नळावर रिकामे कॅन आणि हंडे रांगेत लावलेले होते. वर्षाला अकरा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो त्या गावात, डिसेंबरात, पाण्यासाठी रांग. १८६०-६१ साली इथे एका वर्षात २६,४६१ मिलिमीटर पाऊस झाला होता, तो जागतिक विक्रम आजही कायम आहे. आणि हिवाळ्यात पाणी नाही, कारण मातीचा थर पातळ, जंगल बरंच गेलेलं, आणि खाली सगळा भेगांचा चुनखडी, जे पडतं ते वाहून तरी जातं नाहीतर खाली तरी जातं. काँग म्हणाल्या, पावसाळ्यात छपरावरचं भरून ठेवतो पण फेब्रुवारी-मार्च काढणं कठीण होतं. हे ऐकून आई म्हणाली, "आपल्या घाटातल्या वाड्यांसारखंच की." खरंच तसंच आहे, चार महिने धो धो आणि मार्च-एप्रिलमध्ये टँकर.

दुसऱ्या दिवशी आई आणि वहिनी नोहकालिकाई धबधबा बघायला गेल्या आणि आम्ही तिघं मॉम्लूहला. इथे लाईट नाहीत, बांधलेली वाट नाही, गाईड, हेल्मेट, हेडलॅम्प लागतातच. गुहा सुमारे सात किलोमीटर लांब आहे, आम्ही अर्थातच त्यातला थोडासाच भाग केला. काही ठिकाणी पाण्यातून चालावं लागतं, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघे, मग एका ठिकाणी कमरेइतकं, पुतण्याला तर छातीशी आलं, गाईडने त्याला पुढे घेतलं आणि एकेक पाऊल कुठे टाकायचं ते दाखवत नेलं. पाण्याखालचा दगड धारदार आहे, चपला नकोत, घट्ट बूटच हवेत.

मॉम्लूहला जायचंच होतं त्याचं कारण वेगळं होतं. इथल्या एका ऊर्ध्वमुखी स्तंभामुळे पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडाला मेघालयाचं नाव मिळालंय, मेघालयन. आजपासून साधारण ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेला आणि आत्ता चालू असलेला, म्हणजे आपण सगळे त्यातच जगतोय. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूविज्ञान संघाने तो मान्य केला, आणि २०२२ मध्ये त्याच संघाने काढलेल्या जगातल्या पहिल्या शंभर भूवारसा स्थळांत मॉम्लूह गुहा आहे. झालं असं की स्तंभ थरावर थर चढत वाढतो आणि प्रत्येक थरात त्या त्या काळच्या पावसाच्या पाण्यातला ऑक्सिजन अडकतो. त्या ऑक्सिजनच्या हलक्या-जड समस्थानिकांचं (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण मोजलं की मान्सून जोरदार होता की दुबळा हे कळतं, आणि युरेनियम-थोरियम पद्धतीने थराचं वय काढता येतं. इथल्या स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या थरांत मान्सून मोठ्या काळासाठी क्षीण झाल्याची खूण सापडली. त्याच सुमारास इजिप्तचं जुनं राज्य, मेसोपोटेमियातलं अक्कडचं साम्राज्य मोडकळीला आलं, आणि सिंधू संस्कृतीची शहरं ओस पडण्याशीही हा दुष्काळ जोडला जातो. सगळ्या शास्त्रज्ञांना ही सीमा पटलेली नाही, वाद चालू आहे, पण पावसाची नोंदवही दगडात आहे याबद्दल वाद नाही.

मला तिथे कमरेइतक्या पाण्यात उभं असताना हेच डोक्यात येत होतं की आपल्याकडे सगळं पावसावर, पेरणी पावसावर, लग्नाच्या तारखा पावसावर, मराठवाड्यात तर एक पावसाळा चुकला की घरं स्थलांतर करतात, आणि त्या मान्सूनचा हजारो वर्षांचा हिशोब या अंधारात थेंबाथेंबाने लिहिला गेलाय. तो स्तंभ कोणी फोटोसाठी तोडून नेला असता तर?

सोहराच्या पलीकडेही खूप आहे. जैंतिया टेकड्यांत क्रेम लियात प्राह (क्रेम म्हणजे गुहा), तीस किलोमीटरहून लांब. मॉसिनरामकडे क्रेम पुरी, ही चुनखडीची नाही तर वालुकाश्माची, साडेचोवीस किलोमीटर, २०१८ मध्ये तिचं मोजमाप झालं आणि जगातली सगळ्यात लांब वालुकाश्म गुहा ठरली. जैंतियातल्याच गुहांमध्ये एक आंधळा, फिकट रंगाचा मासा आहे, महसीरच्या कुळातला, गुहेत राहणाऱ्या माशांत जगात सगळ्यात मोठा, त्याला २०२३ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळालं. या सगळ्याची नकाशेबाजी १९९२ पासून शिलाँगचे आणि बाहेरदेशातले गुहाप्रेमी मिळून हिवाळ्यात येऊन करतायत, चिखलात सरपटत, टेप लावून. आणि याच चुनखडीवर सिमेंटसाठी आणि आसपास कोळशासाठी खाणी आहेत, तेव्हा मोजणी आणि खोदकाम यांची शर्यतच आहे म्हणा.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात लाईटवाल्या गुहा सोडून कुठेही शिरू नका, वर कुठेतरी ढग फुटला की आत पाणी मिनिटांत चढतं. मॉम्लूहसाठी गाईड सोहरातच ठरवा, त्याला ठरलेले पैसे द्या, घासाघीस करू नका. कपड्यांचा कोरडा जोड, दोन टॉर्च आणि रोख पैसे जवळ ठेवा. गुडघ्याचा त्रास असेल तर मावस्माईऐवजी आरवाह करा, वाकावं कमी लागतं. पुतण्याचं पुढच्या हिवाळ्यात सिजूला, गारो टेकड्यांत जायचं ठरलंय, तिथे १९२२ साली भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केम्प आणि चोप्रा यांनी गुहेतल्या जिवांचा अभ्यास केला होता हे त्याने कुठेतरी वाचलंय, आणि आई म्हणतेय मलाही न्या.