आधी ट्यूनर, मग ग्राफिक्स कार्ड

घरच्या संगणकावर दूरदर्शन पाहायचे, आवडीचा कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायचा आणि सवडीने थोडे व्हिडिओ संपादनही करायचे, असे ठरवून जे लोक दुकानात जातात ते बहुधा ग्राफिक्स कार्डापासून चौकशी सुरू करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. घरात सिग्नल कोणत्या वाटेने येतो हे आधी पाहावे. त्यावरून ट्यूनर, म्हणजे तो सिग्नल संगणकात घेणारे कार्ड, ठरतो, आणि ट्यूनर जे काम करत नाही तेवढेच ग्राफिक्स कार्डाकडे उरते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील आमच्या घरासाठी धाकट्या भावाबरोबर संगणक जुळवताना मी हाच क्रम धरला, आणि त्यामुळे खर्च बराच आवाक्यात राहिला.

पूर्वी केबलवाल्याची तार थेट ट्यूनर कार्डाच्या मागे खोचली की सगळ्या वाहिन्या दिसत. आपल्याकडे पाल पद्धत होती: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रचौकटी. केबलच्या डिजिटलीकरणाच्या चौथ्या आणि अखेरच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली, आणि तेव्हापासून केबलचा सिग्नल कूटबद्ध होऊन सेट टॉप बॉक्समार्फतच येतो. जुन्या बाजारात ॲनालॉग ट्यूनर कार्डे आजही स्वस्तात मिळतात, पण केबल पाहण्यासाठी त्यांचा उपयोग उरलेला नाही. डिजिटल केबलचे कार्ड घेतले तरी कूट उलगडणारे कार्ड केबलवाल्याच्या बॉक्समध्येच असते, त्यामुळे तीच अडचण येते. सशुल्क डीटीएचचेही तसेच आहे. सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय तार बाहेरचे चित्र संगणकात उतरवणाऱ्या कॅप्चर कार्डाला जोडावी म्हटले, तर एचडीसीपी हे नक्कल रोखणारे संरक्षण आड येते आणि पडदा काळाच राहतो. बॉक्सला लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांचे एव्ही आउटपुट असेल तर तेथून साधारण दर्जाचे चित्र घेता येते, इतकेच.

राहता राहिला तो डीडी फ्री डिशचा मार्ग, आणि संगणकात ट्यूनर बसवण्यासाठी आज तोच खऱ्या अर्थाने योग्य आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा आता ९३.५ अंश पूर्वेवरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून मिळते, आणि सह्याद्रीसारख्या वाहिन्यांसाठी तिला मासिक शुल्क नाही. तिच्या काही वाहिन्या चित्र संकोचण्याच्या जुन्या एमपीईजी-२ पद्धतीत, तर काही नव्या एमपीईजी-४ मध्ये येतात, आणि या नव्या वाहिन्यांचे प्रक्षेपण डीव्हीबी-एस२ या उपग्रह पद्धतीने होते. म्हणून कार्ड केवळ जुन्या डीव्हीबी-एस जातीचे न घेता डीव्हीबी-एस२ जातीचेच घ्यावे. मदरबोर्ड नवा असेल तर त्यावर जुना पीसीआय स्लॉट बहुधा नसतो, तेव्हा छोट्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारे किंवा यूएसबीचे कार्ड पाहावे लागते. डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल गोळा करणाऱ्या डबीला, वीज हे कार्डच पुरवते, आणि उभ्या-आडव्या ध्रुवीकरणातील निवडही तेच १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून करते. ज्या यूएसबी ट्यूनरला स्वतंत्र ॲडॉप्टर दिलेला असतो, तो मुख्यतः याच कामासाठी. बाजारात अत्यंत स्वस्त मिळणाऱ्या डीव्हीबी-टी जातीच्या यूएसबी ट्यूनरच्या मोहात मात्र पडू नये. ते जमिनीवरील मनोऱ्यांच्या प्रक्षेपणासाठी आहेत. डिशच्या सिग्नलशी त्यांचा संबंध नाही.

कार्डाइतकेच डिशच्या जागेकडेही लक्ष द्यायला हवे, विशेषतः गोव्यात. येथून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६१ अंश उंचीवर आहे. उपग्रह इतका उंच असल्यामुळे शेजारचे घर सहसा आड येत नाही, पण कुळागरातले माड आणि पोफळी येतात. आमच्या अंगणात जेथे पूर्वी डिश होती तेथे त्या दिशेला एका माडाची झावळी वाऱ्याने पुढे आली की चित्र चौकोनांत फुटत असे. डिश पडवीच्या दुसऱ्या टोकाला हलवल्यावर तो त्रास संपला. दुसरी गोष्ट पावसाची. या उपग्रहावरून येणाऱ्या केयू बँडच्या लहरी जोराच्या पावसात क्षीण होतात, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नेहमीच्या ६० सेंटिमीटरच्या डिशऐवजी ९० सेंटिमीटरची घेतली तर सुमारे साडेतीन डेसिबल अधिक सिग्नल हाती लागतो. आषाढातल्या कोसळत्या सरीत तोही अपुरा पडेल, पण मध्यम पावसात कार्यक्रम तुटत नाही आणि रेकॉर्डिंग खंडित होत नाही.

डिजिटल ट्यूनरची एक बाब फार थोड्या विक्रेत्यांनी मला नीट सांगितली. उपग्रहावरून येणारा प्रवाह आधीच संकोचित असतो. रेकॉर्डिंग म्हणजे तो जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवणे, आणि त्या कामात प्रोसेसरवर किंवा ग्राफिक्स कार्डावर भार जवळजवळ पडत नाही. म्हणजे टीव्ही रेकॉर्ड करण्यासाठी महागडे ग्राफिक्स कार्ड हवे, हे म्हणणे निराधार आहे.

ग्राफिक्स कार्डाचे काम चित्र दाखवताना सुरू होते. सर्वसाधारण दर्जाच्या वाहिन्यांचे चित्र अजूनही एकाआड एक रेषांच्या पद्धतीने येते: सेकंदाला ५० अर्धचित्रे, एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. एलसीडी पडद्यावर ही दोन अर्धचित्रे तशीच जुळवली की धावत्या खेळाडूच्या कडेला फणीच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात. फुटबॉलचे वेड असलेल्या आपल्या घरांत ते लगेच खटकते. त्या रेषा नीट मिटवून ५० पूर्ण चौकटी बनवणे हे ग्राफिक्सचे पहिले काम. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये त्यासाठीचा यादिफ (२x) हा पर्याय निवडला तर हे प्रोसेसरकडूनही करून घेता येते. दुसरी बाब पडद्याच्या गतीची. मॉनिटर ६० हर्ट्झवर ठेवला तर दर पाच चौकटींमागे एक चौकट दोनदा दाखवावी लागते, आणि बातम्यांच्या तळाशी सरकणारी अक्षरांची पट्टी अडखळत चालते. मॉनिटर किंवा टीव्ही ५० हर्ट्झवर आणला की तीच पट्टी सरळ वाहते. पैसे न घालता चित्रात एवढी सुधारणा दुसऱ्या कशानेही होत नाही, असे मला वाटते.

ही दोन्ही कामे अलीकडच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स उत्तम करते. इंटेलचा प्रोसेसर घेताना एवढे पाहावे की नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर नसावे, कारण त्या प्रकारात अंगभूत ग्राफिक्स नसते. दुकानदार तोच थोडा स्वस्त म्हणून पुढे करतो, आणि मग वेगळे कार्ड घेणे ओघाने आलेच. वेगळे कार्ड खरोखर हवेच असेल तर खोका नीट वाचावा. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड आले आणि त्याचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ जीबीच्याही खाली गेला. नाव एकच ठेवून ग्राहकाला असे अंधारात ठेवणे मला मुळीच पटत नाही. शिवाय जीटी १०३० आणि एएमडीचे आरएक्स ६४०० या दोन्हींत व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे तो संकोचून फाइल बनवणारा, भागच नाही, तेव्हा संपादनासाठी ती निरुपयोगी आहेत. त्या कामासाठी इंटेलचे आर्क ए३८० कार्ड किंवा इंटेलच्याच अंगभूत ग्राफिक्समधील क्विक सिंक हा एन्कोड करणारा भाग अधिक बरा. स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंतच वीज मिळते. त्याहून अधिक लागणारे कार्ड घेतले की एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, तोही बदलावा लागू शकतो.

आम्ही वेगळे कार्ड घेतलेच नाही. वाचलेल्या पैशांत मोठी हार्ड डिस्क घेतली, कारण घरात जत्रेतल्या नाटकांच्या व्हीएचएस कॅसेट आहेत. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्या नाटकांत कामे केली आहेत आणि दमट हवेने त्या फितींवर बुरशी धरू लागली आहे. केबलसाठी कुचकामी ठरलेले जुने ॲनालॉग कार्ड येथे कामी येते, कारण त्याला व्हीसीआरसाठी एव्ही इनपुट असते. नव्या विंडोजसाठी अशा कार्डांचे ड्रायव्हर मिळणे कठीण असले, तरी बीटी८७८ किंवा एसएए७१३४ चिपची कार्डे लिनक्स ओळखते. ७२० बाय ५७६ बिंदूंचे असंकोचित चित्र तासाला सुमारे ७५ जीबी जागा घेते, हानिरहित, म्हणजे चित्रातला कोणताही तपशील न गमावणाऱ्या, संकोचनाने ते निम्म्याच्या आसपास येते, आणि पीव्हीआर-१५० सारखे कार्डावरच एमपीईजी-२ बनवणारे यंत्र ६ मेगाबिट दराने तासाभराचे नाटक २.७ जीबीत बसवते. नाटकांच्या मूळ प्रती आम्ही हानिरहित ठेवत आहोत आणि नातेवाइकांना द्यायच्या प्रती लहान करत आहोत.