३४ कोणाचा, ४४ कोणाचा

आज दुपारी इथे अटलांटात शेजाऱ्यांच्या अंगणात बसलो होतो. शेगडीवर कणसं भाजत होती आणि वाद पेटला होता: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये (पायाने खेळतात तो सॉकर नव्हे) ३४ नंबरची जर्सी घालणारा सगळ्यात भारी खेळाडू कोण? इथल्यांचं उत्तर ठरलेलं, इथल्याच जॉर्जिया विद्यापीठाचा हर्शल वॉकर, १९८२ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा मान. ऑबर्न विद्यापीठात शिकलेला एक पाहुणा तिथल्याच बो जॅक्सनसाठी (हाइझमन १९८५) अडून बसला. टेक्सासच्या रिकी विल्यम्सचं नाव कुणीतरी घेतलं, पण त्या गलक्यात ते विरून गेलं. मला विचाराल तर बो जॅक्सनच.

मग ४४ चा विषय निघाला आणि सगळ्यांचे आवाज खाली आले. सिरॅक्यूज विद्यापीठ. आधी जिम ब्राउन, मग अर्नी डेव्हिस, मग फ्लॉइड लिटल, तिघांच्या पाठीवर तोच नंबर. डेव्हिस १९६१ मध्ये हाइझमन जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. एकही व्यावसायिक सामना न खेळता, २३ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. ऐकताना घशात आवंढा आला.

शेजारच्या आजोबांनी खिशातलं पेन काढून कागदी रुमालावर त्या विद्यापीठाचा पिनकोड लिहिला: १३२४४. शेवटच्या दोन आकड्यांखाली हळूच रेघ ओढली. तो रुमाल घडी घालून मी पाकिटात ठेवलाय.