फ्रिजमधलं तळं

भाजीचा ट्रे ओढला तर खाली तळं, मेथीची जुडी त्यात भिजत पडलेली. पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. पुण्यात असते तर फ्रिजवाला संध्याकाळपर्यंत आला असता आणि मागे वाकूनही न बघता "ताई, गॅस गेलाय" म्हणाला असता. इथे जर्मनीत, श्टुटगार्टला मेकॅनिकने दारात नुसतं उभं राहण्याचे पैसे ऐकूनच घाम फुटतो. घरमालकाच्या गळ्यात घालावं तर तेही नाही. भाड्याची घरं इथे बरेचदा ओट्याशिवायच मिळतात, त्यामुळे सिंकपासून फ्रिजपर्यंत सगळं आमचंच.

तरी फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मला बोलावू नका. आत मागच्या भिंतीखाली बारीक भोक आहे, ते बघा."

चार वर्षांत ते मला दिसलं नव्हतं! मागच्या भिंतीवर दव धरतं, ते ओघळून त्या भोकातून, नळीवाटे कॉम्प्रेसरवरच्या तबकात जातं आणि तिथल्या उष्णतेने सुकून जातं. भोक तुंबलं की पाणी आत. फ्रिज बंद केला, कानकोरणीच्या कापसाने हलकेच टोकरलं, बिनसुईच्या सिरिंजने कोमट पाणी सोडलं. बाहेर आली काळी बुळबुळीत घाण आणि कोथिंबिरीची काडी. मग मागे तबकात टपटप ऐकू आलं. काय बरं वाटलं!

पण फोन ठेवता ठेवता तो म्हणाला होता, "भिंतीला काही टेकवू नका, फार भरू नका." ते लागलं. रविवारी इथली दुकानं बंद. शनिवारी भरायचं नाही तर कधी? डोशाच्या पिठाचं पातेलं, विरजण, खवलेला नारळ, कालची आमटी. ब्रेड-चीजवाल्यांना काय कळणार? (पातेलं भिंतीला टेकलं होतं, हे खरं.)

इथे 2021पासून नियम आहे: मॉडेल बंद झालं तरी फ्रिजच्या दाराचं रबर 10 वर्षं मिळालं पाहिजे. कौतुकच आहे. आईच्या फ्रिजचं रबर आमच्या फ्रिजवाल्याने कुठूनसं पैदा करून बसवलं होतं, तेही बिननियमाचं.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फोनवर फुकट सांगितलं? मग त्याचं पोट कसं भरतं?"

म्हटलं, "येतो ना, तेव्हा भरतं."